मागच्या खोलीतले अ‍ॅव्होकाडो

मी फळावर अंगठा ठेवला आणि तो आत गेला.

फार नाही गेला, पण गेला. आदल्या दिवशी हेच फळ इतकं टणक होतं की कुणाच्या डोक्यात घातलं असतं तर टेंगूळ आलं असतं. मी शेजारचं उचललं. तेही मऊ. क्रेटच्या तळाशी हात घालून एक काढलं, त्याची तर पाठ काळवंडायला लागली होती.

"आत्याबाई!" मी ओरडले. "अहो, आधी इकडं या!"

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या पिठाचे हात तसेच घेऊन मागच्या खोलीच्या दारात आल्या, दारावर टांगलेलं ओलं पोतं कोपरानं बाजूला सारलं आणि आत डोकावल्या.

"काय झालं? साप निघाला का काय?"

"फळं मऊ पडली."

"मंग?" त्या म्हणाल्या. "फळ हाय ते. पिकायचंच की कवातरी."

"पिकायचं नव्हतं! गाडी येईपर्यंत पिकायचंच नव्हतं हे!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, माझंच डोकं फिरलंय. आणि खरं सांगायचं तर त्या दिवसांत ते फिरलेलंच होतं.

आमची सोंडवाडी पाचगणीच्या पलीकडच्या उतारावर. वाडीत सगळे स्ट्रॉबेरी लावायचे, नाहीतर बटाटा. आमच्या ह्यांनी मात्र लग्न झाल्यावर कुठूनशी अ‍ॅव्होकाडोची रोपं आणली आणि वरच्या तुकड्यात लावली. हे म्हणजे संपत, माझा नवरा. चाकणला कंपनीत कामाला. एकाआड एक रविवारी यायचे, झाडांची आळी करायचे, पानं उलटीपालटी करून बघायचे आणि संध्याकाळच्या एसटीनं परत. झाडांना जास्त वेळ मिळतो की मला, हा आमच्यातला जुना वाद होता आणि त्यात मी कायम हरायचे. वाडीतली माणसं त्या फळाला बटरफ्रूट म्हणायची आणि खाल्लं की तोंड वाकडं करायची. ना गोड, ना आंबट, नुसतंच गुळगुळीत.

त्या वर्षी झाडं पहिल्यांदा लगडली, आणि नेमकं त्याच वर्षी ह्यांच्या कंपनीनं कारखाना गुजरातला हलवायचं ठरवलं. येतोस की नाही, ते दिवाळीच्या आत सांग, असं ह्यांना सांगण्यात आलं. गुजरातला गेले म्हणजे एकाआड एक रविवारही गेला. वर्षातून दोनदा येणं होईल, एवढंच. मी ऐकलं आणि भाकरी तव्यावर करपेपर्यंत तशीच बसून राहिले.

वाट एकच दिसत होती. पुण्याचे बोधेशेठ म्हणून फळांचे व्यापारी झाडं बघून गेले होते. जाताना म्हणाले, "माल छान आहे. पण मला टणक लागतो. माझ्याकडून तो पुढं लांब जातो, मऊ फळाचा प्रवासात लगदा होतो. माझी गाडी दसरा झाल्यावर येईल. तोवर घरात तुम्ही माल टणक ठेवून दाखवा, मग दरवर्षीची बाग माझी."

गाडी येईल त्याच दिवशी फळं तोडावीत, तर ह्यांना सुट्टी नाही, आणि वानरांच्या टोळीला आमची वरची बाग सापडलेली. म्हणून ह्यांनी होती ती सगळी रजा टाकून फळं आधीच उतरवली.

"रतन, हे फळ झाडावर पिकत नाही," उतरवताना हे मला सांगत होते. "तोडलं की मग त्याला पिकायची आठवण होते. ती जितकी लांबवता येईल तितकी लांबवायची. एवढंच काम आहे आपलं."

"आणि नाही लांबली तर?"

"फळ टणक राहिलं की मी घरी. मऊ पडलं की गुजरात."

मग काय विचारता! त्या फळांची मी जेवढी बडदास्त ठेवली तेवढी कुणी जावयाची ठेवली नसेल. देठाचा तुकडा राखून कात्रीनं एकेक फळ कापलं. पोत्यात न टाकता क्रेटमध्ये मांडलं. उन्हाचा कवडसा लागू दिला नाही. घराची मागची खोली दगडी भिंतीची, पूर्वी बटाट्याचं बियाणं तिथं ठेवायचे. ती झाडून घेतली. दाराला ओली पोती टांगली आणि ती वाळू देईन तर शपथ. फळ दाबून बघायचं नाही, असं ह्यांनी बजावलं होतं, कारण आज दाबलं की उद्या तिथं आतून काळा डाग. आणि शेवटची ताकीद, दुसरं कुठलंही पिकलेलं फळ त्या खोलीत न्यायचं नाही.

"ते कशापायी?" आत्याबाईंनी विचारलं होतं.

"एकाच्या संगतीनं दुसरं पिकतं, आई."

"आगं बया! मान्सासारखंच की," म्हणून आत्याबाई हसल्या होत्या.

सगळे क्रेट मागच्या खोलीत मावले नाहीत. कोपऱ्यात जुनी कणगी होती, पूर्वी धान्य साठवायची, शेणानं लिंपलेली, आता नुसतं भाताचं तूस भरलेली. ती बाहेर काढू म्हटलं तर आत्याबाई आडव्या आल्या. "हलवू नगंस तिला. बूड मोडंल तिचं." मग एक क्रेट समोरच्या पडवीत ठेवावा लागला. आणि नवं पीक म्हणून आत्याबाईंनी दोन फळं देवापुढं ठेवली, हळदकुंकू लावून.

असं सगळं यथासांग करून फळं मऊ पडली.

मी ह्यांना फोन लावला. ह्यांना तर खरंच वाटेना.

"पोती ओली आहेत का?"

"पाणी ठिबकतंय त्यातनं."

"दाबली कुणी?"

"इथं कुणालाही येऊ देत नाही मी. परवा शेजारची चांगुणाकाकी सीताफळं घेऊन आली, तिला अंगणात उभं करून परत पाठवलं. ती आता माझ्याशी बोलत नाही."

"पडवीतली कशी आहेत?"

मी फोन कानाला धरूनच पडवीत गेले. क्रेट उघडला. एक उचललं, दुसरं उचललं. मला काही कळेचना.

"टणक आहेत," मी म्हटलं.

"काय?"

"दगड आहेत दगड. पडवीतली टणक, आणि खोलीतली मऊ."

मग हे म्हणाले, "उलटं बोलतेयस तू. नीट बघ."

नीट काय बघायचं? दुपारी पडवीत चांगला उबारा असायचा आणि मागच्या खोलीत अनवाणी गेलं की पाय गार पडायचे. गारव्यातलं फळ पिकलं आणि उबेतलं राहिलं. मी स्वयंपाकघरात जाऊन देवापुढची दोन फळं बघितली. शेजारी चूल पेटलेली, वर समईची ऊब, आणि तीही टणक!

"द्येवानं आपली राखली," आत्याबाई हात जोडून म्हणाल्या. "बाकीच्याला दिष्ट लागली. त्या चांगुणीचा डोळाच तसला. अंगणातनं बी लागतो."

आणि त्यांनी खरंच मीठमोहऱ्या घेऊन सगळ्या क्रेटांवरून दृष्ट काढली. मी शिकलेली बाई, मला हसू यायला हवं होतं. पण मी तिथं पदर खोचून गंभीरपणे उभी होते आणि मनात म्हणत होते, असेल बाई, दृष्टच असेल. निदान काहीतरी कारण असू दे.

ह्यांनी दुसऱ्या दिवशी विचार करून सांगितलं, "पडवीतला क्रेट आत घे. बाहेर गाड्यांची धूळ, ऊन. तेवढा तरी वाचव. आतली मऊ झालेली वेगळी काढ."

मला पटत नव्हतं, पण ह्यांनी चार ठिकाणी विचारून सांगितलेलं. मी मऊ फळं निवडून बाहेर काढली, खोली पुन्हा झाडली आणि पडवीतला तो दगडासारखा क्रेट उचलून आत नेऊन ठेवला. कणगीला टेकून, तिथंच काय ती जागा होती.

पुढचे दिवस मी आठवू गेले तर नुसता गोंधळ आठवतो. सकाळी बघावं तर आणखी काही फळं मऊ. पोतं बदललं, तरी मऊ. पोतं काढून टाकलं, तरी मऊ. मला वाटलं, भिंतीत ओल असेल, म्हणून पाणी मारायचं थांबवलं. मग वाटलं, कोरडेपणानं होत असेल, म्हणून जमिनीवर बादलीनं पाणी ओतलं. खोलीत एक गोडसर वासही यायला लागला होता. पिकल्या फळांचाच असणार, असं मी धरून चालले. पण हे फळ पिकलं तरी असलं गोड कुठं वास मारतं, हे माझ्या मनात आलं नाही. भांबावलेल्या माणसाचं नाकही भांबावतं बहुतेक.

आत्याबाई दिवसातून दोनदा खोलीत जाऊन यायच्या. मी एकदा चिडून म्हटलं, "तुम्ही दाबून बघता की काय?"

"मी कशाला दाबू?" त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. "माजं पोरगं घरी येणार हाय त्या फळांवर. तुला काय वाटतं, त्यो परत यावा असं तुझ्याच एकटीच्या मनात हाय?"

मला माझीच लाज वाटली.

गाडी येण्याच्या आदल्या दिवशी हे बिनपगारी दोन दिवस काढून आले. चप्पल न काढताच मागच्या खोलीत गेले. मी दारात उभी राहून बघत होते. एकेक क्रेट उघडायचे आणि झाकायचे. पडवीतून आत नेलेला क्रेट उघडला तेव्हा तर त्यातलं एक फळ उचलून ह्यांनी माझ्यापुढं धरलं. तीसुद्धा गेली होती.

"रतन, केळी आणली होतीस का?"

"नाही."

"टोमॅटो? पेरू? आठव."

"शपथ घेऊन सांगते. पिकलेला लिंबूसुद्धा त्या दारातून आत गेला नाही."

"मग असं होईलच कसं?" ह्यांचा आवाज चढला. "असं होतच नाही! तू काहीतरी केलंयस, नाहीतर काहीतरी करायचं राहिलंय!"

"मी? मी त्या पोत्यांवर पाणी मारून मारून..." आणि मला रडू फुटलं. रडत रडत मी ह्यांना नाही नाही ते बोलले. तुम्हाला यायचंच नाही, तुम्हाला गुजरातच हवंय, असलंसुद्धा बोलले. आत्याबाई ओट्यावर बसून आमच्या दोघांकडे आळीपाळीनं बघत होत्या.

सकाळी बोधेशेठ गाडी घेऊन स्वतः आले. भला माणूस. एक फळ चिरलं, करड्या रेषा दाखवल्या, आणि टोपी नीट करत म्हणाले, "वाईट वाटतं हो. झाडं गुणाची आहेत. पण साठवण जमली नाही तुम्हाला." देवापुढची दोन फळं बघून मात्र तेही चक्रावले. "ही त्याच झाडाची? याच दिवशी तोडलेली?" हे म्हणाले, हो. शेठनी मान हलवली आणि रिकामी गाडी उतारावरून खाली गेली.

हे अंगणात उभे राहून कंपनीत फोनवर बोलले. येतो म्हणून सांगितलं. मी घरात भाकऱ्या बांधत होते, प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

निघायची वेळ झाली. ह्यांनी पिशवी खांद्याला लावली आणि आत्याबाईंच्या पाया पडायला वाकले.

"थांब रं संपा," त्या म्हणाल्या. "जाऊ नगंस आसाच. तुज्यासाठी ठिवलंय काहीतरी. चल माज्यासंगं. तू बी ये गं."

आम्ही दोघं त्यांच्यामागून मागच्या खोलीत गेलो. आत्याबाईंनी पदर खोचला, कणगीवरचं झाकण काढलं आणि तुसात खांद्यापर्यंत हात घातला. तूस सळसळलं. तो गोडसर वास एकदम एवढा दाटला की मला ठसका लागला. आत्याबाईंनी हात बाहेर काढला तेव्हा त्यात वेलची केळ्यांची एक फणी होती. पिवळीधमक, वर तपकिरी ठिपके. मग दुसरी. मग तिसरी.

"परसातल्या बेटाची हाईत," त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा उजळला होता की काय सांगू! "तू फळं उतरवून गेलास त्याच दिशी घातली. हिला बी नाय कळू दिलं. ल्हान व्हतास तवा शाळंतनं आलास की वासावर कणगी हुडकायचास, आठवतं का? म्हटलं, ह्या बारीला बी हुडकशील. पर तुजं ध्यानच नव्हतं."

ह्यांनी खांद्यावरची पिशवी खाली ठेवली.

"आन तुजा नेम मोडला नाय हां म्या," आत्याबाई हौसेनं म्हणाल्या. "पिकलेलं फळ न्यायचं न्हाई म्हनालास ना? कच्ची घातली व्हती. पार हिरवीगार."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे बघितलं. खोलीत क्रेट होते, आणि त्यांना टेकून कणगी होती. पडवी, देवघर, गारवा, दृष्ट, सगळा गुंता एका क्षणात सुटला. मी काहीतरी बोलणार तोच ह्यांनी हात पुढं केला, फणीतलं एक केळं तोडलं, सोललं आणि खाल्लं.

"कशी हाईत?" आत्याबाईंनी विचारलं.

"गोड आहेत, आई."

"आनिक घे की."

ह्यांनी आणखी एक खाल्लं. मग आणखी एक. घास गिळताना ह्यांच्या गळ्याची घाटी वरखाली होताना मला दिसत होती. दोन फण्या पिशवीत भरून घेतल्या. आत्याबाई उरलेली फणी पुन्हा तुसात ठेवायला लागल्या, तेव्हा ह्यांनीच ती खोचायला मदत केली.

एसटीच्या थांब्यापर्यंत मी सोबत गेले. निम्मी वाट मागं पडली. मग हे म्हणाले, "कच्चं केळं पिकत गेलं की हवेत काहीतरी सोडतं. त्यानं शेजारचं फळही पिकतं. पिकलेलं नको म्हणालो मी, कच्चं नको म्हणायचं राहिलं."

"आता काय करायचं?"

"काही नाही. आईला कळता कामा नये. तुला शपथ आहे माझी." मग थोड्या वेळानं, "काल तुला नाही नाही ते बोललो."

"मीही बोलले," मी म्हटलं. गाडी आली आणि हे गेले.

मी शपथ पाळली. घरी आल्यावर आत्याबाईंनी विचारलं, "काही बोलला का गं त्यो वाटंत?" मी म्हटलं, केळ्यांचं कौतुक करत होते. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. म्हणाल्या, "केळ्यांचं व्हय," आणि सूप घेऊन निवडायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आकडीची काठी घेऊन वरच्या तुकड्यात पाठवलं. शेंड्याला दोनचार फळं राहिली होती. "दोन काढून आण. द्येवापुडं ठिवायची." मी आणून दिली. एक देवापुढं दिसलं. दुसरं कुठं गेलं, ते मी विचारलं नाही. मला त्या फळांचं नावसुद्धा नको झालं होतं.

मग एका सकाळी मी गोठ्यातून आले तर आत्याबाई ओट्यावर बसलेल्या. पुढ्यात ती दोन फळं. एक हिरवं, तुकतुकीत. दुसरं काळं, सुरकुतलेलं, त्याच्या देठाशी कणगीतल्या तुसाची दोन टरफलं चिकटलेली. त्यांनी हिरव्यावर अंगठा ठेवला. मग काळ्यावर ठेवला, आणि तो आत गेला. मी दारातच थांबले. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. खूप वेळ त्या तशाच बसून होत्या, काळ्या फळात अंगठा तसाच ठेवून.

मी पाय न वाजवता परत गोठ्यात गेले. काय करावं ते मला सुचेना. जवळ जावं, तर काय सांगणार? न जावं, तर जीव राहीना.

थोड्या वेळानं परसातून कोयत्याचा आवाज आला. मी धावले. केळीचं अख्खं बेट आडवं पडलं होतं. मोठी झाडं, लहान पिल्लं, सगळी. आत्याबाई मधोमध उभ्या होत्या, घामानं निथळत, आणि लुगड्यावर केळीचा चीक उडालेला.

"आत्याबाई! अहो, हे काय केलंत?"

"वानरं येत्यात," त्या म्हणाल्या. माझ्याकडे बघितलं नाही. "केळीच्या वासानं वानरं येत्यात गं."

मी त्यांच्या हातातला कोयता घेतला आणि पानं ओढून बाजूला टाकू लागले. त्या चिकाचे डाग त्या लुगड्यावरून कधीच गेले नाहीत. ते लुगडं त्या पुढे शेतात नेसायच्या.

हे परत आले, पण त्याला वर्षं लागली; तोवर यायचे ते उभ्या उभ्या, परसात डोकावायलाही फुरसत नसायची. झाडं वाढली, बोधेशेठनी पुन्हा एक संधी दिली, आणि ह्या खेपेला फळं दगडासारखी टणक राहिली. आत्याबाई तेव्हा होत्या. पण मागच्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत त्यांनी पाऊल टाकलं नाही. गाडी भरायला लागली की ओट्यावरूनच विचारायच्या, "टणक हाईत ना?" आम्ही हो म्हटलं की पुन्हा माळ ओढत बसायच्या.

गुजरातचं सामान घेऊन हे कायमचे घरी आले, त्या दिवशी जेवण झाल्यावर हात धुवायला परसात गेले आणि तिथूनच हाक मारली.

"आई, केळीचं बेट कुठं गेलं?"

"तोडलं की मागंच. वानरं यायची," आत्याबाई आतून म्हणाल्या.

हे हात पुसत दारात आले आणि माझ्याकडे बघायला लागले. त्यांना काही कळलं नव्हतं, आणि आत्याबाई पाठमोऱ्या होत्या, भिंतीकडे तोंड करून, हातातलं काम थांबवून.

"हो," मी म्हटलं. "त्या वर्षी वानरं फारच झाली होती."